काठोकाठ

चुलीवर बांबूच्या टोपलीत चिकट भात वाफेला लावून लमदुआन मागे वळली, तोच तिच्या नाकात डिझेलचा वास शिरला. आधी तिला वाटलं भास असेल. गाडी उभी अंगणात, फणसाखाली. तिचा वास स्वयंपाकघरात कशाला येईल? पण वास काही हटेना. ओले हात लुंगीलाच पुसायची तिची जुनी सवय. तसे ते पुसत ती बाहेर आली, वाकून पिकअपच्या पोटाखाली पाहिलं आणि तिच्या तोंडून अशी शिवी निघाली की दाणे टिपणाऱ्या कोंबड्याही बाजूला सरकल्या.

गाडीखाली जमीन काळी ओली झाली होती. टाकीच्या खालच्या कडेला एक थेंब लोंबत होता. तो सुटला, आणि लगेच दुसरा त्याच्या जागी येऊन बसला.

ही पिकअप म्हणजे लमदुआनचं पोट. डोंगरउतारावरचं आलं आणि कोबी लोएईच्या बाजारात न्यायचा तो हिच्याच पाठीवर. नवरा बुनमा गेला तेव्हा मागे दोनच गोष्टी राहिल्या, भिंतीवर त्याचा फोटो आणि अंगणात त्याची गाडी. फोटोला ती रोज फुलं वाहायची, पण बोलायची ती गाडीशी. आरशाला गाडीच्या देवीसाठी ताजा गजरा बांधल्याशिवाय तिने कधी चावी फिरवली नव्हती.

आणि काल संध्याकाळपर्यंत ही गाडी बँककडे होती.

बँक हे माणसाचं नाव आहे. आईबापांनी हौसेने ठेवलेलं टोपणनाव. त्या पिढीत अशी नावं पैशाला पासरी. लमदुआनची मुलगी विलाई रायोंगच्या कारखान्यात कामाला होती, तिथेच हा भेटला, आणि पुढच्या महिन्यात त्याच्या घरची मंडळी रीतसर मागणी घालायला यायची होती. नववर्षाच्या सणाला, सोंगक्रानच्या सुट्टीत, दोघं गावाकडे आले. वळवाच्या वादळात बँकच्या आईच्या घराचे पत्रे उडाले, म्हणून त्याने दोन दिवसांसाठी गाडी मागून नेली. शेजारच्या बाईने कुंपणावरून विचारलं होतं, "काय गं, गाडी दिसत नाही?" लमदुआन म्हणाली, "बँकने नेली." शेजारीण हळहळली, "अगंबाई! एवढे हप्ते थकले होते का?" या विनोदावर गल्ली दोन दिवस हसत होती. आज मात्र लमदुआनला त्यातलं काहीच हसण्यासारखं वाटेना.

"विलाई! ऊठ! तुझ्या बँकेला बोलाव! आणि खियन भावोजींनाही घेऊन ये म्हणावं!"

खियन म्हणजे बुनमाचा धाकटा भाऊ. हमरस्त्याला त्याचं छोटं गॅरेज होतं आणि लग्नाआधी मुलीच्या घरी झोपायचं नसतं म्हणून बँक त्याच्याकडेच मुक्कामाला होता. दोघं आले. खियन पोत्यावर पाठ टेकून गाडीखाली सरकला. थोडा वेळ त्याचे फक्त पाय दिसत होते आणि ते पायच काय ते बोलणार असल्यासारखी लमदुआन त्यांच्याकडे बघत उभी होती.

"खरवडलंय, वहिनी," आतून आवाज आला. "टाकीच्या बुडाला. दगड लागलाय. चांगला लांब ओरखडा आहे, आणि ताजा आहे."

बँकचा चेहरा उतरला. "चियांगखानच्या पुढे रस्त्याचं काम चालू आहे," तो म्हणाला. "तिथे एकदा खाली घासल्यासारखं झालं होतं. मला वाटलं, मातीचं ढेकूळ असेल."

"म्हणजे लागलं हे माहीत होतं तुला?"

"हो. पण..."

"मग काल चावी देताना तोंडात काय भात कोंबला होता?"

बँक जमिनीवरच्या काळ्या डागाकडे बघू लागला. तो तसाही कमी बोलायचा. लमदुआनला आतापर्यंत हा गुण वाटत होता, आता तिला त्यात लबाडी दिसू लागली. काल चावी देताना तो काहीतरी सांगायच्या बेतात होता, तोंड उघडलंही होतं, आणि मग नुसतं हसून हात जोडून निघून गेला. तिला आता ते हसू आठवलं आणि तिच्या अंगाचा तिळपापड झाला.

"चूक माझीच असेल, आई," बँक म्हणाला. "मी नुकसान भरून देतो."

"नुकसान टाकीचं भरशील रे! जो टाकी फोडून गप्प बसतो, तो उद्या माझ्या पोरीच्या संसारात काय काय फोडून गप्प बसेल? आणि मला आई म्हणू नकोस. तुझ्या आईला सांग, पुढच्या महिन्यात माणसं गोळा करून यायची तसदी घेऊ नका. आमच्या घरी चहा मिळायचा नाही."

"वहिनी, वहिनी," खियन खालून सरपटत बाहेर आला, "टाकी फुटलीय, डोकं नाही फुटलं कुणाचं."

"तुम्ही तुमचं काम करा भावोजी!"

विलाई दारात उभी होती, ओल्या केसांना पंचा गुंडाळून. बँकने लमदुआनला वाकून हात जोडले, मग गाडीच्या आरशाला बांधलेल्या गजऱ्यालाही जोडले, आणि तो आपली बॅग आणायला गेला. दुपारी हमरस्त्यावरून रायोंगची बस जायची. उद्या त्याला कामावर हजर व्हायचं होतं.

खियनने कपड्याचा साबण मागून घेतला, ओला करून मळला आणि ओरखड्यावर दाबून बसवला. पाण्याला विरघळणारा साबण डिझेलला दाद देत नाही. डोंगरातल्या प्रत्येक गाडीवाल्याच्या डब्यात त्यासाठी एक वडी असतेच. "दोन दिवस निघतील," तो म्हणाला. "मग टाकी उतरवून जोड मारू." जाता जाता त्याने मागे वळून पाहिलं. "पोरगा वाईट नाही हो, वहिनी. काल रात्री माझी भांडी घासून ठेवली त्याने."

"भांडी घासणारा नको, तोंड उघडणारा पाहिजे," लमदुआन म्हणाली.

खियन गेला. लमदुआन स्वयंपाकघरात आली, तर भात जास्त वाफून मऊ पडला होता. तो उपसून पंख्याने वारा घालायला बसली आणि कान अंगणाकडे. टप्. तिला वाटलं, साबण लावल्यावर उरलेला थेंब असेल. टप्. ती उठली, बाहेर जाऊन बघून आली. साबण होता तिथेच होता, पांढरा आणि शहाण्यासारखा चिकटलेला, आणि त्याच्या बाजूने थेंब चालूच. तिने खाली ॲल्युमिनियमचं पातेलं सरकवलं. आता आवाज आणखीच मोठा येऊ लागला.

ती पुन्हा आत आली. मिरच्या कुटायला घेतल्या, अर्ध्यावर सोडल्या. फोटोपुढची फुलं बदलली, जी ताजीच होती. पुन्हा बाहेर. पातेल्याचा तळ झाकला गेला होता.

"बस ना गं एका जागी," विलाई म्हणाली. सकाळपासूनचं तिचं हे पहिलं वाक्य.

"कशी बसू? गळतंय तिकडे!"

"टाकीच गळतेय ना? तू कशाला..." विलाईने वाक्य गिळलं. मग म्हणाली, "तो खोटं बोलला असं खरंच वाटतं तुला?"

"खोटं बोलला नाही, खरं बोलला नाही. ते जास्त वाईट. तुझ्या बाबांनी जन्मात कधी माझ्यापासून काही लपवलं? त्याला म्हणतात माणूस."

विलाईने फोटोकडे पाहिलं, आणि आपली बॅग उघडून त्यातले कपडे पुन्हा पुन्हा घडी करायला बसली. तिची दोन दिवसांची सुट्टी बाकी होती, तरी ती बॅग भरत होती. लमदुआनने ते पाहिलं. पोरगी आज त्याच बसने गेली, तर पुढच्या सोंगक्रानला येईल याची काय खात्री? तिचा स्वभाव लमदुआनला माहीत होता, कारण तो लमदुआनचाच होता.

मग पुरावाच पाहिजे. भोक डोळ्यांनी दिसलं पाहिजे, पोरीला दाखवता आलं पाहिजे. बघ, हे त्याचं कर्तृत्व, आता बोल.

ती तिसऱ्यांदा बाहेर आली तेव्हा पातेलं भरत आलं होतं. तिने ते काळजीपूर्वक कॅनमध्ये ओतलं, परत खाली सरकवलं, आणि तिचा हात तिथेच थांबला. एवढं डिझेल आलं कुठून?

गाडी दिली तेव्हा टाकीत तळाला असेल नसेल तेवढंच होतं. काटा बंद पडून जमाना झाला होता, पण लमदुआनला काट्याची गरज नव्हती. पंपावर जायचं, तीनशे बातचं डिझेल टाकायचं, ते संपलं की पुन्हा तीनशेचं. कधी त्यावर नाही. कारण बुनमा सांगून गेला होता: टाकी कधी काठोकाठ भरायची नाही. मोजकं बोलणारा माणूस. का, ते त्याने सांगितलं नाही आणि तिने विचारलं नाही. पण तो गेल्यावर त्या एका वाक्याला तिने जन्माचं तत्त्वज्ञान करून टाकलं. भरल्या टाकीला नजर लागते. भरली टाकी म्हणजे गावभरच्या उसनवारीला आमंत्रण. माणसाने पोट, घागर आणि टाकी थोडी रिकामी ठेवावी म्हणजे देवाला काही घालायला जागा राहते. हे ती विहारात भिक्षा वाढताना बायकांना सांगायची, विलाईला परीक्षेच्या वेळी सांगितलं होतं, आणि भन्तेंनी एकदा प्रवचनात "आपल्या गावातली एक उपासिका म्हणते" असं म्हणून घेतलंही होतं. त्या दिवशी ती घरी येऊन फोटोसमोर बराच वेळ बसली होती.

"गाडीला बोअर लागली की काय तुझ्या?" शेजारीण कुंपणावरून म्हणाली.

लमदुआन घरात गेली आणि सोंगक्रानच्या उरल्यासुरल्या सामानातून पांढऱ्या मातीच्या गोळ्यांची पुडी शोधून आणली. आपल्या शाडूसारखी माती. सणात ती पाण्यात कालवून एकमेकांच्या गालांना फासतात. बुनमा ट्रॅक्टरचं ऑइल कुठून झिरपतं ते शोधायला हीच वापरायचा. तिने गोळ्या पाट्यावर कोरड्याच वाटल्या, जुना टॉवेल घेतला, देवीच्या गजऱ्याला हात लावून "पोटाखाली शिरतेय, रागावू नकोस" म्हणाली आणि गाडीखाली गेली.

आधी टाकी पुसली, वर हात पोचेल तिथपर्यंत. साबण खरवडून काढला. मग मुठीने माती घेऊन थापत गेली, बुडाला, बाजूंना, कडांना. निम्मी तिच्याच तोंडावर आली. टाकी पांढरीफटक झाली तेव्हा ती तिथेच कुशीवर पडून बघत राहिली. घामाने माती चेहऱ्यावर चिकटली, मुंग्या पायावर चढल्या. हमरस्त्याकडून कुठल्यातरी गाडीचा हॉर्न ऐकू आला आणि तिने कान टवकारले. पण ती बस नव्हती, बसला वेळ होता.

ओरखडा कोरडा राहिला.

ती डोळे मिचकावून बघत राहिली. ओरखडा तिच्या नाकासमोर, लांबच लांब, त्यावरची माती पिठासारखी कोरडी. आणि टाकीच्या बाजूला, वरून, एक राखाडी रेघ हळूहळू खाली उतरत होती. ती कडेला पोचली, कडेने ओरखड्यापर्यंत आली, तिथे जरा थांबली आणि थेंब होऊन लोंबली.

गळती खाली नव्हतीच. वरचं पाणी खालच्या माथी.

लमदुआनने मोबाइलचा दिवा लावून तो दातात धरला आणि हात टाकीच्या वर घातला. टोपणापासून टाकीत जाणारी रबराची जाड नळी हाताला लागली. जिथे ती टाकीला जुळते तिथे काहीतरी फुगीर, चिकट होतं. सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या, एकावर एक गुंडाळलेल्या, आणि वरून एक कापड आवळून बांधलेलं. तिने मान वाकडी करून दिवा तिथे नेला. डिझेलने काळं पडलेलं कापड, पण काठावरची वीण दिसत होती. निळ्यावर पिवळे छोटे हिरे. ती वीण तिच्या आईने तिला शिकवली होती, आणि ती लुंगी फाटली तेव्हा बुनमाने "पुसायला होईल" म्हणून मागून घेतली होती.

गाठही त्याचीच. तो सगळ्या गाठी डाव्या हाताने मारायचा.

तिने ती गाठ बोटांनी चाचपली. मग सगळं एकदमच तिच्या ध्यानात आलं, आणि दिवा तोंडातून गळून तिच्या छातीवर पडला. टाकी कधी काठोकाठ भरायची नाही. भरायची नाही, कारण नळी फाटलेली आहे! वरपर्यंत भरली तर गळेल, म्हणून! नवी नळी आणायची सोडून या माणसाने चिंधी बांधली, उद्या बघू म्हणाला, आणि उद्या बघायला राहिला नाही. आणि आपण त्या चिंधीवर प्रवचनं दिली.

"मेल्या," ती गाडीच्या पोटाला म्हणाली, "मेल्या, सांगता येत नव्हतं तोंडाने?" तिला हसू आलं. हसता हसता मातीने माखलेल्या गालांवरून पाणी वाहू लागलं. ज्याने लपवलं त्याच्या फोटोला ताजी फुलं, आणि ज्याने नाही लपवलं त्याला चहासुद्धा नाही.

ती बाहेर आली, टोपण उघडलं आणि आत दिवा मारला. एरवी आत नुसता अंधार असायचा. आज डिझेल हाताच्या अंतरावर चमकत होतं.

"विलाई!"

विलाई धावत आली आणि आईचं तोंड पाहून जागीच थांबली. "आई! हे काय..."

"त्याने टाकी भरली होती?"

"भरली असणारच."

"असणारच म्हणजे? मी त्याला दहादा बजावलं होतं, भरत बसू नकोस म्हणून!"

"सगळेच तसं म्हणतात, आई," विलाई म्हणाली. "आपण जेवा म्हटलं की पाहुणा नको म्हणतो, तसं. त्याला वाटलं, तू रीतीचं बोलतेस. त्याची आई कुणाचं वाडगंसुद्धा रिकामं परत करत नाही. तो गाडी रिकामी कशी देईल?"

"मग काल सांगितलं का नाही?"

"भरून दिली असं तोंडाने सांगायचं? त्याला लाज वाटली असेल."

चावी देताना उघडलेलं आणि मिटलेलं ते तोंड लमदुआनला पुन्हा दिसलं. तिने टोपण लावलं. "बॅग राहू दे," ती म्हणाली. "गाडीत बस."

"आई, तोंड तरी धू."

"बस म्हटलं ना!"

हमरस्त्याचा उतार तिने असा गाठला की विलाईने दोन्ही हातांनी दार धरून ठेवलं. रस्ता ओलीस धरल्यासारखा एक ट्रक पुढे रखडत होता. लमदुआनने हॉर्नवरचा हात काढलाच नाही. वळणाआड बस थांब्याचं छप्पर दिसलं. बस लागलेली होती. दार उघडं, लोक चढत होते, आणि रांगेत शेवटून दुसरा बँक, पाठीला बॅग.

गाडी थांबली तसा तो रांगेतून बाहेर आला. त्याने लमदुआनच्या पांढऱ्या तोंडाकडे पाहिलं नाही, विलाईकडेही पाहिलं नाही. आधी गुडघ्यावर बसला आणि गाडीखाली बघितलं.

"थेंब नाही," तो म्हणाला. "काकांनी लावलेला साबण बसला वाटतं."

"साबण नाही बसला," लमदुआन खाली उतरली. "भोकच नाही तिथे. तू काठोकाठ भरलीस, ते जास्तीचं वरून गळून गेलं."

"मी..." बँक उभा राहिला, कानापर्यंत लाल झाला. "तुम्ही नको म्हणाला होता, तरी मी भरली. चुकलंच माझं."

त्यालाच चूक कबूल करताना ऐकून लमदुआनला राहवेना. तिला वाटलं होतं, दोन शब्द बोलू, नीट बोलू. त्याऐवजी तिने मातीने आणि डिझेलने बरबटलेले दोन्ही हात उचलले आणि छातीपाशी जोडायला नेले.

बँकने झेप घेऊन ते हात मध्येच पकडले. "नको, आई! मोठ्यांनी धाकट्याला आधी हात जोडले की त्याचं आयुष्य घटतं!"

"मग काय करू रे मी?" लमदुआन रडायलाच लागली. "वाट्टेल ते बोलले तुला."

"काही करू नका. फक्त हात खाली घ्या." तो अजून घाबरलेला होता. त्याच्या शर्टाच्या बाह्या पांढऱ्या-काळ्या झाल्या होत्या. बसवाल्याने हॉर्न दिला. बँकने तिकडे पाहिलं, मग गाडीकडे, आणि त्याच्यातला कारखान्याचा माणूस जागा झाला. "पण मग गळतंय कुठून?"

"वरच्या नळीतून. फाटलीय. कधीपासूनची फाटलीय. कुणीतरी ट्यूबच्या पट्ट्या गुंडाळून वर माझ्या लुंगीची चिंधी बांधून ठेवलीय."

"चिंधी?" बँक चक्रावून म्हणाला. "डिझेलच्या नळीला? असलं काम केलं कुणी?"

लमदुआनने मनगटाने डोळे पुसले आणि होती ती माती आणखी पसरवली.

"कुणी म्हणजे? तुझ्या सासऱ्याने," ती म्हणाली.

बँकला आधी कळलं नाही. विलाईला कळलं, तिने तोंड फिरवून रस्त्यापलीकडच्या आल्याच्या वाफ्यांकडे पाहायला सुरुवात केली. बसवाल्याने पुन्हा हॉर्न दिला, या वेळी लांब, आणि बँक तिथेच उभा राहिला, दोन्ही हातांत लमदुआनचे हात तसेच धरून.